यादी तळापर्यंत वाचायची

२०१८च्या फुटबॉल विश्वचषकाआधी काही संशोधकांनी 'रँडम फॉरेस्ट' पद्धतीचं (जुन्या आकडेवारीवरून अनेक अंदाज काढून त्यांची सरासरी घेणारं) मॉडेल तयार केलं आणि अख्खी स्पर्धा कॉम्प्युटरवर एक लाख वेळा खेळवली. स्पेन सगळ्यात वर, जिंकण्याची शक्यता १७.८ टक्के, जर्मनी जेमतेम मागे. प्रत्यक्षात जर्मनी गटातच गारद, स्पेन रशियाकडून पेनल्टींवर बाहेर, आणि कप नेला फ्रान्सने.

मॉडेल तोंडावर पडलं, असं माझे मित्र अजून म्हणतात. मला नाही पटत. १७.८ टक्के म्हणजे स्पेन न जिंकण्याची शक्यता ८२ टक्क्यांहून जास्त! हे मॉडेलनेच सांगितलं होतं, आपण फक्त वरचं नाव वाचलं.

फुटबॉलमध्ये मुळात गोलच कमी, म्हणून एकेका क्षणाचं वजन अफाट. २०२२ची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल घ्या. ३-३, १२३वं मिनिट, फ्रान्सचा कोलो मुआनी गोलसमोर एकटा, आणि अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझचा पसरलेला डावा पाय. ते काही सेकंद मी थांबवून थांबवून कितीदा पाहिलेत. पाय वीतभर सरकला असता तर कप बहुधा फ्रान्सकडेच राहिला असता.

पुढच्या स्पर्धेआधी अंदाज नक्की वाचणार. पण पूर्ण यादी, अगदी तळाच्या संघापर्यंत.