ओहोटीची तारीख आणि साहेबांची सही

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावखडीहून सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर चढायचं, सडा तुडवत कशेळी गाठायची, देवघळीच्या बाजूने कड्याखाली उतरायचं आणि संध्याकाळपर्यंत वेत्ये. एका दिवसाची ही पायपीट आमच्या मंडळाने केली. वाट कशी आहे, असं बरेच जण विचारतात. दमवते, पण पार पडते. माझं डोकं फिरलं ते एका सरकारी कार्यालयात. कुठलं ते लिहीत नाही, पुढच्या वर्षी परत तिथेच जायचंय.

आधी समुद्राचं गणित, म्हणजे पुढचा वैताग कळेल. कड्याच्या पायथ्याचा खडकाळ टप्पा ओहोटीतच करावा लागतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. सप्तमीला सव्वापाच, म्हणजे पूर्ण ओहोटी साडेअकराच्या सुमारास. (अंदाज यावरून बांधा, नेमकी वेळ वेळापत्रकात बघा.) अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात मागे हटतं खरं, पण ती ओहोटी आपल्याकडे सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी येते आणि दुपारच्या आधी उधाणाची भरती. म्हणजे भर दिवसा कड्याखालून जायचं तर सप्तमी-अष्टमीच धरायची, भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो ते. गावातले एक तात्या म्हणाले, "भांगाचं पाणी लांब जात नाय हो. अर्धी ओहोटी झाली की उतरा नि पाणी फिरायच्या आत वर या." याहून चांगला सल्ला मला कुठे मिळाला नाही.

एवढा घोळका कड्याखाली उतरणार म्हटल्यावर गावाने लेखी परवानगी मागितली. त्यात गैर काही नाही. अर्ज केला, सप्तमीच्या शनिवारची तारीख घातली, सोबत सगळ्यांची नावं आणि फोन नंबर. खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज चाळला आणि म्हणाले, "साहेब दौऱ्यावर आहेत. सोमवारी या." सोमवारी साहेब मीटिंगला. नंतर अर्ज 'वरच्या टेबलावर', आणि वरचं टेबल रजेवर. शेवटी पत्र हातात पडलं, गोल शिक्का, हिरव्या शाईची सही, सगळं झकास. तारीख मात्र आमची नव्हती. ती उलटून चालली होती म्हणून त्यांनी परस्पर पुढचा शनिवार टाकला होता!

मी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी चतुर्दशी आहे. साडेदहाला पूर्ण भरती, त्यात उधाण. आम्ही उतरणार कुठे?"

"अहो, आठवडाभर इकडे की तिकडे, काय फरक पडतो?"

फरक हाच पडतो. भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या वर पुढे सरकते. आठवडा गेला की ज्या वेळी ओहोटी होती त्या वेळी भरती. कामाला येतो तो एकाआड एक शनिवार. हे मी खिडकीत उभा राहून समजावत होतो आणि त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर तिथींसकट छापलेलं कॅलेंडर लटकत होतं. त्यांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. "तारीख बदलायची तर नवा अर्ज, आणि हे पत्र जमा करा." नवा अर्ज म्हणजे पुन्हा आवक, पुन्हा वरचं टेबल, आणि तोवर पुन्हा उधाण.

सोडवलं ते पलीकडच्या टेबलावर डबा खात बसलेल्या मॅडमनी. पोळीचा घास तोडता तोडता म्हणाल्या, "तारीख घालताच कशाला? कालावधी घाला. अमुक तारखेपासून महिनाभरात, ओहोटीनुसार कोणताही एक दिवस." बस्स! त्या एका ओळीने काम झालं. तेव्हा अर्जात कालावधीच लिहा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक जोडा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढच्या षष्ठीच्या शनिवारी आम्ही पावणेदहाला देवघळीशी होतो आणि पाणी तात्यांच्या शब्दाबाहेर गेलं नाही. खरं सांगतो, त्या दिवशी मला कड्यापेक्षा त्या पत्राचाच अभिमान जास्त वाटत होता.

सड्याबद्दल थोडक्यात. पावसाळ्यानंतर गवत पिवळं पडलं की जायचं. पुढे ते कापतात नाहीतर वणव्यात जातं. पण पिवळ्या गवतात कुसळं असतात, ती मोज्यांतून आत शिरून घोट्याला टोचत राहतात, म्हणून जाड पँट पायमोज्यांवर ओढून घ्या. जांभ्याचा कातळ दहानंतर तापतो आणि वर सावली नाही. पाणी माणशी किमान 4 लिटर. पऱ्ये (ओहोळ) तोवर आटलेले असतात. घळीत उतरताना करवंदीला धरू नका. कलमांच्या बागेचा गडगा (दगडी कुंपण) ओलांडू नका. राखणीचा गुरखा नंतर येतो, कुत्री आधी.

कशेळीच्या सड्यावर हत्तीचं कातळशिल्प आहे, 18 मीटरच्या आसपास लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यावरून बूट घालून चालू नका. कनकादित्याच्या देवळाशी बाटल्या भरून घ्या.

आणि हो, पत्राच्या दोन झेरॉक्स ठेवा. एक पोलीस पाटील ठेवून घेतात.