मागच्या टेबलावरची मैत्रीण

गेल्या वर्षी आमची लेक सेकंड क्लासमध्ये होती. आयर्लंडमधल्या कॅथलिक शाळेत हे ‘कम्युनियनचं वर्ष’. मुलं सात-आठ वर्षांची असतात, आधी त्यांचं पहिलं पापनिवेदन होतं आणि मे महिन्याच्या सुमारास पहिलं ख्रिस्तशरीर, म्हणजे कम्युनियन: ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर चर्चमध्ये पहिल्यांदा घेणं. सप्टेंबरमध्ये शाळा उघडली तेव्हापासून गेटपाशी उभ्या असलेल्या आयांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. ड्रेस कुठून घेतलास, जेवणाचं बुकिंग झालं का, अंगणात मुलांसाठी बाउन्सी कासल मागवणार का.

आम्ही मूळचे वसईचे. माझं पहिलं कम्युनियन चौथीत झालं, आणि त्याची तयारी चर्चने करून घेतली होती, शाळेने नाही. रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) झाली की धर्मशिक्षणाचा वर्ग असे, आणि शेवटी फादर प्रत्येकाला समोर उभं करून प्रार्थना म्हणून घेत. शाळाही सिस्टरांचीच होती, पण वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली हिंदू. आमचा कॅटेकिझमचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, तास लागला की त्या शेजारच्या वर्गात मॉरल सायन्सला जायच्या. त्या जास्त होत्या, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळा वर्ग होता, वेगळी बाई होती.

इथे घडी वेगळी आहे. आयर्लंडमधल्या दर दहा प्राथमिक शाळांपैकी जवळपास नऊ कॅथलिक आहेत. शिक्षकांचा पगार सरकार देतं, पण शाळेचा ‘पेट्रन’, म्हणजे आश्रयदाता, असतो बिशप. धर्मशिक्षण गणित-आयरिशसारखंच वेळापत्रकात बसतं आणि वर्गशिक्षिकाच ते शिकवते. २०१६च्या जनगणनेत ७९ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं होतं, २०२२मध्ये ६९ टक्के. शाळा मात्र होत्या तेवढ्याच आहेत, त्यामुळे त्याच वर्गात आता हिंदू, मुस्लिम, ऑर्थोडॉक्स आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्या घरांतली मुलं बसतात. २०१८च्या कायद्याने बाप्तिस्मा बघून प्रवेश देणं कॅथलिक प्राथमिक शाळांना बंद झालं, तेव्हापासून या घरांची प्रवेशाची धास्ती तरी गेली. धर्मशिक्षणाला न बसण्याचा हक्क तर राज्यघटनेतच आहे.

पण न बसणारं मूल बसतं कुठे?

आमच्या लेकीची जिवाभावाची मैत्रीण हैदराबादच्या तेलुगू घरातली. धर्माचा तास सुरू झाला की ती उठते आणि मागच्या टेबलावर जाऊन चित्र रंगवते. दुसरीकडे पाठवावं तर लक्ष ठेवायला मोकळं माणूस शाळेत नाही. ऑक्टोबरमध्ये एकदा लेकीने जेवताना विचारलं, “आई, तिने काय केलंय?” मला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, मागचं टेबल मस्ती करणाऱ्यांचं असतं ना.

घास तसाच राहिला. पुण्यात हॉस्टेलला असताना मला दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी विचारायचं, “तुम्ही ख्रिश्चन ना? मग मराठी इतकं चांगलं कसं बोलता?” विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसायचं. पण घरातल्या घरात पाहुणी ठरवल्यासारखं वाटायचं, आणि ते रात्री अंथरुणावर पडल्यावर जास्त जाणवायचं. इथे पहिल्यांदाच मी जास्त संख्येच्या बाजूला आहे. माझ्या लेकीला क्रुसाची खूण करताना कुणी वळून बघत नाही. आणि तिच्या मागे दोन रांगा सोडून एक मूल रंगीत खडू घेऊन एकटं बसलेलं असतं.

मी त्या मैत्रिणीच्या आईशी बोलले. तिला घाई नव्हती, राग तर नव्हताच. ती एवढंच म्हणाली, “तिला प्रार्थना शिकवू नका, पण एकटी पाडू नका.” आम्ही दोघी टीचरला भेटलो. ती तरुण मुलगी आहे, ऐकताना तिचे डोळे भरून आले. तिने तास दोन भागांत वाटला. प्रार्थना आणि संस्काराची तयारी असेल तेव्हा मैत्रीण आपल्या आवडीचं पुस्तक वाचणार, स्वतःच्याच जागेवर बसून. बाकीच्या गोष्टी सगळ्यांनी मिळून.

त्या बाकीच्या गोष्टी किती आहेत, हे मला तेव्हा कळलं. १ फेब्रुवारीला सेंट ब्रिजिडचा सण. आम्ही राहतो त्या किल्डेरमध्येच तिने मठ स्थापन केला असं मानतात. मरणाच्या दारातल्या एका सरदाराच्या उशाशी बसून तिने जमिनीवर अंथरलेल्या लव्हाळ्याचा क्रूस विणला, अशी गोष्ट सांगतात. वर्गात ओल्या लव्हाळ्याच्या जुड्या आल्या. मदतीला मी गेले होते (पोलीस पडताळणी झाल्याशिवाय पालकाला वर्गात मदतीला घेत नाहीत, माझी झाली होती). काडी मधोमध दुमडायची, पहिल्या काडीवर अडकवायची, पाव वळसा फिरवायचा, पुन्हा दुसरी. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी माझी आजी माडाच्या पातीचे क्रूस वळायची, तो सराव बोटांत होता. पण सगळ्यात घट्ट वीण त्या मैत्रिणीची निघाली. तिची आजी फुलांचे गजरे करते म्हणे.

मग ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ आला आणि घरोघर त्रोकराची पुठ्ठ्याची पेटी गेली. त्रोकरा ही आयरिश बिशपांनी १९७३मध्ये काढलेली मदतसंस्था, नावाचा अर्थ ‘करुणा’. मुलं चॉकलेट सोडतात आणि ते पैसे पेटीत टाकतात. मैत्रिणीने मागून पेटी नेली. तिच्या आईने ती देवघराशेजारी ठेवली होती, मी पाहिली.

घरची तयारी मात्र आमची आम्हालाच करायची होती. शाळा प्रार्थना शिकवते, पण इंग्रजीत आणि आयरिशमध्ये. वसईत रात्री आठला जपमाळ सुरू होते, मे महिन्यात इथे तेव्हा दुपारचे साडेतीन असतात. शाळा अडीचला सुटते, तासाभरात लेक दप्तर टाकून, ब्रेड खाऊन फोनसमोर बसायची. पलीकडे सासूबाई, मागे वाडीतल्या क्रुसापाशी जमलेल्या बायका, मध्येच कुणाचा तरी कुत्रा. “हे आमच्या स्वर्गातील पित्या” म्हणताना ती ‘पवित्र’ शब्दाला दर वेळी अडखळायची आणि सासूबाई न थांबता तेवढाच शब्द जरा मोठ्याने म्हणायच्या.

कम्युनियनच्या शनिवारी ऊन होतं, इथे ते सांगण्यासारखं असतं. मैत्रीण हिरवं परकर-पोलकं घालून आली आणि टीचरने तिला दाराशी उभं केलं, येणाऱ्या प्रत्येकाला पुस्तिका द्यायला. लेक वेदीकडून परत आली ती हात जोडून, गंभीर चेहऱ्याने. मैत्रिणीने बाकावर सरकून तिला जागा केली आणि कानात काहीतरी विचारलं. लेकीने क्षणभर विचार करून कुजबुजून उत्तर दिलं.

घरी येताना मी विचारलं, काय बोलत होतात. “ती म्हणाली, आता तुला कसं वाटतंय? मी म्हटलं, थांब, अजून आत जातंय.”

आता दोघी तिसरीत आहेत. टीचर नवी आहे, आणि पहिल्या आठवड्यात मैत्रीण पुन्हा मागच्या टेबलावर होती. गुरुवारी तिची आई आणि मी परत भेटायला जाणार आहोत.