रॉकेल, पाटी आणि रीसलिंग

"मावशी, आधी वास घे, मग पी," भाचा म्हणाला. मी ग्लास नाकाशी नेला आणि थेट रेशनच्या रांगेत जाऊन उभी राहिले. हातात पत्र्याचा डबा, समोर दुकानदाराचं तेलकट नरसाळं. रॉकेल! अगदी हलका, पण तोच वास. "बाटली खराब निघाली रे," मी हळूच म्हटलं. तो हसतच सुटला. तेरा वर्षं जुनी ती बाटली त्याने मुद्दाम मागवली होती, आणि तीही ह्याच वासासाठी.

आम्ही जर्मनीत मोझेल नदीकाठी, बर्नकास्टेल-कूस गावात बसलो होतो. इथलं मानाचं द्राक्ष रीसलिंग, त्याची पांढरी वाईन होते. ह्या जातीची पहिली लेखी नोंद १४३५ सालची, रुसेल्सहाइमच्या गढीतल्या वेलींच्या खरेदीची. तेव्हा आपल्याकडे बहमनी राज्य होतं. पाचशे-सहाशे वर्षं टिकली ती वेलखरेदीची पावती. माझी मागच्या महिन्याची विजेची पावती सापडत नाही.

रॉकेलचं म्हणाल तर त्यात भेसळ काही नाही. द्राक्षात गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याची भावंडं असतात. उन्हात पिकलेल्या द्राक्षांत ती मोडतात आणि पुढे बाटली वर्षानुवर्षं पडून राहिली की त्यांच्यापासून टीडीएन नावाचं संयुग तयार होतं. वास त्याचा. जाणकार त्याला 'पेट्रोल' म्हणतात. पेट्रोलचा वास मला पंपावरचा ठाऊक आहे, हा तो नव्हे. हा वातीच्या स्टोव्हचा, आईने काडी लावायच्या आधीचा.

मग भाच्याने कोवळी बाटली उघडायला सांगितली, काबिनेट, म्हणजे इथल्या वाईनचा हलका प्रकार. तिच्यात रॉकेलचा मागमूस नाही. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, मागून जरासा पीच. अल्कोहोल जेमतेम आठ-नऊ टक्के. गोड आहे म्हणावं तर जिभेच्या कडा आंबटाने शिरशिरतात, आंबट म्हणावं तर गोडवा मध्ये येतो. कैरीचं पन्हं ज्याला जमलं त्याला हे समजावून सांगायला नको. साखर जास्त पडली तर पन्हं बसतं, कमी पडली तर दात आंबतात. इथे थंडीमुळे द्राक्षाची आंबटाई टिकून राहते, म्हणून गोडवा पेलवतो. मी दुसरा ग्लास घेतला.

"औषधापुरतीच हं," मी म्हटलं, तर भाच्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोरच्या डोंगरउतारावरच्या एका मळ्याचं नावच 'डॉक्टर'! चौदाव्या शतकात ट्रिअरचे आर्चबिशप बोएमुंड आजारी पडले, वैद्य हरले आणि ह्या मळ्याच्या वाईनने ते बरे झाले, अशी दंतकथा. पिणाऱ्यांना जगभर एकच सबब सुचते.

संध्याकाळी मळ्यात चढलो. चढलो म्हणजे भाचा चढला, मी त्याचा हात धरून वर खेचली गेले. ह्याच नदीवर ब्रेमजवळ कालमोंट नावाचा पासष्ट अंशांचा उतार आहे म्हणे. मला हाच पुरला. जुन्या बागांत मांडव नाही, तारा नाहीत. प्रत्येक वेलीला तिचा एकटीचा खांब आणि दोन फांद्या वाकवून बांधलेल्या, बदामाच्या आकारात. तोडणीला यंत्र इथे उभं राहत नाही, सगळं हातानेच.

पायाखाली मात्र माती दिसेचना. नुसत्या काळ्या-निळ्या चपट्या कपच्या. मी एक उचलली आणि ओळखली. पाटी! लाकडी चौकट नसलेली, पण पाटीच. गावातली छपरंसुद्धा ह्याच दगडाची. दिवसभर ऊन पिऊन हा दगड तापतो आणि रात्री ती ऊब वेलींना देतो, पाणी साचू देत नाही. दगडाची चव मुळांतून द्राक्षात चढते, हे मात्र शास्त्रज्ञ मानत नाहीत. नसतील मानत.

मी दुसऱ्या कपचीच्या टोकाने तिच्यावर 'श्री' काढला. पांढरा, ठसठशीत उमटला. इकडेतिकडे पाहिलं, भाचा फोनमध्ये होता. मग बोटाला थुंकी लावली, पुसलं आणि वास घेतला.