नवसारी: ताम्रपट वाचत पाहायची रणभूमी

मुंबईहून रेल्वेने नवसारी सुरतेच्या साधारण ३० किलोमीटर अलीकडे. स्टेशनवरून रिक्षा केली ती थेट पूर्णा नदीच्या पुलाकडे. आठव्या शतकात चालुक्यांनी इथे अरब फौजेला हरवलं. त्या लढाईची नेमकी जागा शोधायच्या फंदात पडलो नाही, कारण तिची हकीकत सांगणाऱ्या, जिंकलेल्या राजाच्या ताम्रपटात (तांब्याच्या पत्र्यावरच्या दानपत्रात) आहे तो ‘नवसारिका विषय’. विषय म्हणजे जिल्हा. एखादं शेत दाखवून ‘हेच ते रणांगण’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पुलावर उभं राहून उत्तरेकडे तोंड करा. अरब फौज (ताम्रपटातले ‘ताजिक’) सिंधकडून आली. सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य, गुर्जर ही राज्यं तिने आधीच झोडपली होती, असं ताम्रपटच सांगतो. भडोचकडून खाली यायचं तर नर्मदा, तापी, मिंढोळा आणि मग पूर्णा. गाव दक्षिण काठावर, म्हणजे नदी बचाव करणाऱ्याच्या पुढ्यात. शिवाय इथवर खाडीचं पाणी चढतं. ओहोटीला काठाचा चिखल उघडा पडतो, त्यात घोडा काय, माणूससुद्धा रुततो. हे बघायचं तर ओहोटीलाच जावं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास फरक ठळक दिसतो. पावसाळ्यात मात्र नको, पूर्णा पुराची नदी आहे.

जिंकला तो अवनिजनाश्रय पुलकेशी, लाटच्या (दक्षिण गुजरातच्या) चालुक्य शाखेचा. हर्षाला अडवणारा बादामीचा पुलकेशी वेगळा, तो शंभरेक वर्षं आधीचा. इंटरनेटवर दोघांची सर्रास गल्लत होते. दुसरी गल्लत सालाची. ७३८-३९ हे या दानपत्राचं साल (कलचुरी संवत ४९०), लढाईचं नव्हे. अवनिजनाश्रयाचा भाऊ मंगलरस याचं बलसाडचं दानपत्र शके ६५३ चं, म्हणजे ७३१ चं. तेव्हा गादीवर मंगलरस होता. लढाई या दोहोंच्या मधली, एवढंच ठामपणे म्हणता येतं.

ताम्रपटाचं संस्कृत दणदणीत आहे: नगाऱ्यांच्या आवाजावर नाचणारी कबंधं (मुंडकं नसलेली धडं) वगैरे. हा अलंकार समजून सोडून द्यावा. कामाचा भाग पदव्यांचा. बादामीच्या वल्लभराजाने, म्हणजे दुसऱ्या विक्रमादित्याने, अवनिजनाश्रयाला चार पदव्या दिल्या. त्यातली ‘अनिवर्तकनिवर्तयिता’ सर्वांत बोलकी: मागे न हटणाऱ्यांना मागे हटवणारा. सम्राट मांडलिकाला असं गौरवतो तेव्हा त्याचाही जीव भांड्यात पडलेला असतो. कारण ताजिकांचा इरादा, याच लेखानुसार, सगळ्या दक्षिणेतल्या राजांना जिंकायचा होता; नवसारी हा फक्त पहिला मुक्काम.

लाटच्या या घराण्याचा मागमूस मात्र पुढे लवकरच संपतो. गडहिंग्लजजवळच्या सामानगडचा राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा ताम्रपट शके ६७५ चा, म्हणजे अवनिजनाश्रयाच्या दानपत्रानंतर जेमतेम पंधरा वर्षांनी दिलेला. त्यात मही आणि रेवा (नर्मदा) या लाटकडच्याच नद्यांचे काठ फोडणारे हत्ती आहेत ते दंतिदुर्गाचे.