दादाचं दिव्यांग सर्टिफिकेट काढताना (स्किझोफ्रेनिया) – माझा अनुभव

दादाला 2012 पासून स्किझोफ्रेनिया आहे. औषधांबद्दल लिहायचं होतं पण डोक्यात अजून ते सर्टिफिकेटच बसलंय, म्हणून आधी तेच.

ऑनलाइन फॉर्म अर्ध्या तासात झाला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, म्हणजे हक्क आहे, उपकार नाहीत. मग सरकारी हॉस्पिटलात तपासणीला डॉक्टरांचं बोर्ड, फक्त मंगळवारी.

पहिल्या मंगळवारी पहाटेची एसटी पकडली. गर्दीत दादाला नसलेले आवाज जास्त ऐकू येतात, तरी बिचारा चार तास बाकावर बसला आणि एक वाजता कळलं की सायकियाट्रिस्ट रजेवर. सकाळीच सांगायला काय झालं होतं? दुसऱ्या मंगळवारी खिडकीवरचा माणूस दादाकडे बघून म्हणतो, "हातपाय तर धड आहेत, ह्यांना कशाला सर्टिफिकेट?" दादाच्या तोंडावर! दादा घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही, रात्री जेवला नाही. अजून ते वाक्य आठवलं की माझं डोकं तापतं. डॉक्टर होते त्या दिवशी, पण पाच मिनिटं, आणि सगळं दादालाच विचारलं. आंघोळ स्वतः करता? हो. बाजारात जाता? हो. त्याला लाज वाटते, तो हो च म्हणणार ना. आई मागे लागते तेव्हा आठवड्यातून दोनदा आंघोळ होते, हे आम्हाला विचारलंच नाही. वर आजार किती वर्षांचा त्याचा पुरावा आणा म्हणून परत पाठवलं, आणि तो का लागतो ते सांगितलं नाही.

ते मला पुण्याच्या 'सा' (स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन) संस्थेत भेटलेल्या एका काकूंनी सांगितलं. दिव्यांगत्व मोजायची आयडियाज नावाची पट्टी असते, स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं, काम, प्रत्येकात किती अडचण त्याचे 0 ते 4 मार्क, आणि आजाराच्या वर्षांचे पण 4 पर्यंत, 10 वर्षांवर असेल तर पूर्ण 4. एकूण 7 झाले की 40 टक्के दिव्यांगत्व. म्हणून जुना केसपेपर! पहिल्या डॉक्टरांचा दवाखाना बंद झालेला, तिसरा मंगळवार त्या शोधात गेला, शेवटी आईच्या ट्रंकेत रेशनकार्डाच्या पिशवीत जून 2012 चा कागद सापडला. आई तो छातीशी धरून रडली.

चौथ्या मंगळवारी दुसऱ्या मॅडम होत्या. त्यांनी आईला वीस मिनिटं विचारलं. झालं, 40 च्या वर.

घरात रोज काय होतं ते महिनाभर वहीत लिहून न्या, मी नेलं होतं. ओरिजिनल फाईल कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्सच द्या. आणि राहिलंच, दोन औषधं लागू पडली नाहीत म्हणून दादाला क्लोझापिन चालू केलं, त्यात पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासलं, कंटाळा करू नका. ताप किंवा घसा दुखला तर लगेच डॉक्टर. सिगरेट सोडायची असेल तरी आधी डॉक्टरांना सांगा, सोडल्यावर रक्तातलं क्लोझापिन वाढतं, हे आम्हाला खूप उशिरा कळलं. रात्री काही सुचेना झालं तर टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन), 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात.

दिव्यांग कार्ड पोस्टाने आलं तेव्हा दादाने स्वतः सही करून घेतलं. आता ते त्याच्याच पाकिटात असतं.