तुम्ही विचारलंत म्हणून: तंबू नेला तर लडाख स्वस्तात होतं का?

मे महिना लागला की हा प्रश्न येतोच. पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी, चौघंजण, डिकीत तंबू, हाताशी बारा-चौदा दिवसांची रजा. किती स्वस्तात होईल? आकडा सांगितला की पुढचं कुणी ऐकत नाही, म्हणून या वेळी तो आधीच उरकतो.

जाणं, येणं आणि तिथलं फिरणं मिळून ५,००० किलोमीटर धरा. लिटरला १६ देणारी डिझेल गाडी असेल तर ३१० ते ३२० लिटर लागतं; ९० रुपये भाव धरला तर २८,००० रुपये. टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास काढा. १५ ऑगस्ट २०२५ला तो ३,००० रुपयांत सुरू झाला, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. खासगी कार-जीपला मिळतो आणि राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. समृद्धीवर किंवा पुणे-मुंबई द्रुतगतीवर टोल वेगळा भरावा लागतो. यातला एक रुपयाही तंबूमुळे कमी होत नाही. उलट चौघांचं सामान नव्यानं घ्यायचं तर वीस-पंचवीस हजार लागतात. शिवाय पहिले दोन हजार किलोमीटर तंबू डिकीतच राहतो, कारण जून-जुलैत गुजरात, राजस्थान, पंजाबच्या सपाटीवर रात्रीही इतकं उकडतं की तंबूत झोप लागत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सहाशे किलोमीटर चालवणाऱ्याला झोप मिळालीच पाहिजे. तिथे साधी खोली घ्या.

मग तंबू कशाला? पूर्वी मी याचं उत्तर "राहण्याचे पैसे वाचतात" असं द्यायचो. ते खोटं नव्हतं, पण त्यातून ऐकणारा भलताच हिशेब मांडतो: पैसे वाचवायचे तर दिवसही वाचवू. आज मी वेगळं सांगतो. तंबूनं सहलीचा खर्च फारसा उतरत नाही, जास्तीचा दिवस मात्र स्वस्त होतो. हॉटेलात चौघांच्या दोन खोल्यांना रोज तीन हजार जात असतील, तर एखाद्या गावात पॉपलरच्या बागेत तंबू टाकायला त्याचा सहावा हिस्साही पडत नाही. आणि लडाखला पैशांपेक्षा दिवस जास्त लागतात. का लागतात, ते मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचू या मुक्कामाच्या रात्रीवरून कळेल.

मनालीची उंची २,०५० मीटर. तिथून पहाटे निघालेली गाडी ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून तासाभरात लाहौल खोऱ्यात उतरते. रस्ता चांगला, ऊन छान, सगळे उत्साहात. केलाँग, जिस्पा मागे टाकून दुपारी ४,८९० मीटरची बारालाचा ला (ला म्हणजे खिंड) ओलांडली की संध्याकाळी सरचू येतं, ४,२९० मीटरवर. माणूस आदल्या रात्री झोपला त्यापेक्षा २,२०० मीटर वर. तीन हजार मीटरच्या पुढे झोपायची जागा दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वर नेऊ नये, हा डॉक्टरांचा साधा नियम. इथे चार दिवसांची चढण एका दिवसात झालेली असते.

पोचल्यावर लगेच काही होत नाही, म्हणून फसायला होतं. डोकं ठणकायला लागतं ते सहा-आठ तासांनी, म्हणजे मध्यरात्री. जेवण नको वाटतं, मळमळतं. डोळा लागला की श्वास मध्येच थांबतो आणि माणूस दचकून उठतो. बाहेर पारा शून्याजवळ, वारा तंबू हलवतोय. अशा वेळी कुणीतरी गॅस आत घेतो, चहाही होईल आणि ऊबही येईल म्हणून. हे कधीही करू नका. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याची लक्षणंही डोकेदुखी, मळमळ, गुंगी अशीच. विरळ हवेचा त्रास कुठला आणि विषारी वायूचा कुठला, हे झोपेत कुणालाच ओळखता येत नाही.

समजा एकाला बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, किंवा सरळ रेषेत पावलं टाकता येईनात. उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. पण सरचूहून सरळ खाली उतरता येत नाही. मागे जिस्पाला जायचं तर आधी पुन्हा बारालाचा चढायची, आजारी माणसाला आणखी सहाशे मीटर वर न्यायचं. पुढे लेहकडे जायचं तर लाचुंग ला पाच हजारांच्या वर आहे आणि टांगलांग ला ५,३०० च्याही वर. दोन्ही बाजूंनी वाट आधी वरच जाते. रात्री दोन वाजता ती गाडी चालवणार कोण? ज्यानं दिवसभर चालवली, तोही सगळ्यांबरोबरच वर आलाय, त्याचंही डोकं ठणकतंय. मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसतो. ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो.

"आमच्या ओळखीचे थेट गेले, काही झालं नाही," असं मला दर वेळी ऐकवतात. खरंच गेले असतील. पुष्कळांना काही होत नाही. कुणाला होणार हे तब्येत बघून ओळखता येत नाही, जिमला जाणाऱ्यालाही होतं.

म्हणून जाताना श्रीनगरहून जा. सोनमर्गला २,७०० मीटरवर रात्र, मग झोजी ला ओलांडून पुन्हा २,७०० वरच्या कारगिलला, मग मुलबेखला एक रात्र, लामायुरू, आणि लेहला (३,५००) निदान दोन रात्री काही न करता. पँगाँग तलाव त्यानंतर. परत येताना मनालीचा रस्ता घ्या. तोवर शरीर सरावलेलं असतं. तंबूमुळे स्वस्त झालेले दिवस खर्च करायचे ते या जातानाच्या वाटेवर. जागा मात्र गावात विचारून घ्या. लष्कराच्या ठाण्यांजवळ आणि तलावांच्या काठी तंबू टाकू नका. अमरनाथ यात्रेच्या दिवसांत जम्मू-श्रीनगर-सोनमर्ग रस्त्यावर गाड्या सोडण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, ते आधी बघा. २०२३ आणि २०२५च्या पावसाळ्यात मंडी-मनाली रस्ता वाहून गेला होता, म्हणून परतीला दोन दिवस राखीव हवेतच.

सामानातल्या दोन-तीन गोष्टी लोक हमखास चुकतात. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या तिथल्या गोट्या-मुरुमाच्या जमिनीत वाकतात. जाड व्ही आकाराच्या घ्या किंवा दोऱ्या सरळ मोठ्या दगडांना बांधा. साधी फुगवायची गादी नको, तिच्यातली हवा रात्रभर गार राहते. दहा मिलिमीटरचं फोम शीट जास्त ऊब धरतं. नुसत्या ब्यूटेनचा कॅन गारठ्यात नीट पेटत नाही, कारण कॅन गार पडला की ब्यूटेनची वाफ पुरेशी होत नाही. कॅन रात्री झोपायच्या पिशवीत ठेवा, सकाळी कोमट पाण्यात उभा करा, गरम पाण्यात कधीच नाही. सरचूला पाणी ८६ अंशांच्या आसपास उकळतं, तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजायची नाही. दोन लिटरचा कुकर न्या, मूगडाळ भिजवून घ्या.

परतीला लेहहून निघाल्यावर लागणाऱ्या कारूच्या पंपावर टाकी पूर्ण भरा. केलाँगच्या पुढच्या तांदीपर्यंत तीनशेहून जास्त किलोमीटर पंपाचा भरवसा धरू नका. वितळलेल्या बर्फाचे नाले दुपारनंतर फुगतात, ते सकाळीच ओलांडा. टर्बो नसलेली पेट्रोल गाडी खिंडीत निम्म्या ताकदीची होते, म्हणून चौघं आणि टपावर ओझं असा बेत तिच्यावर करू नका.

हे सगळं घर ते घर एकवीस दिवसांत बसतं, अठरात ओढून-ताणून. मग उत्तर येतं, "इतकी रजा कोण देतं?" हे म्हणणं मला खोडता येत नाही. ज्याला वर्षाकाठी पंधरा दिवस मिळतात त्याला एकवीसची वाट दाखवणं म्हणजे जाऊ नको सांगणंच, हे मलाही कळतं. चौदा दिवसच असतील तर मी म्हणतो, मनाली, मग जिस्पापर्यंत जा, ३,२०० मीटरवर भागा नदीकाठी चार रात्री काढा आणि परत या; आजारी पडलं तर अडीच-तीन तासांत मनालीला उतरता येतं. लोक म्हणतात, ते लडाख नाही. नाहीच ते लडाख. तरी चौदा दिवसांत लेह गाठून परतायचा बेत मी कुणाला आखून देत नाही, आणि यावर घरातलेही माझ्याशी वाद घालतात.