तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात कोणते अ‍ॅप वापरावे?

महिन्याच्या शिक्षण परिषदेत चहाची वेळ झाली की एखादे नवे शिक्षक जवळ येऊन हमखास विचारतात, "सर, वर्गात तुम्ही नेमके कोणते अ‍ॅप वापरता?" मी "आवाज रेकॉर्ड करायचे" असे सांगतो, तेव्हा त्यांना ती थट्टा वाटते. तुम्ही विचारलंत म्हणून त्यामागची हकिगत एकदा नीट लिहून काढतो.

खटाव तालुक्यातील आमच्या शाळेला ग्रामस्थांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर घेऊन दिला, त्या वर्षी मला कोण आनंद झाला होता. पश्चिमेच्या खिडक्यांतून येणारे ऊन अडवायला पालकांनी पोती उसवून पडदे शिवून दिले. सातवीच्या भूगोलात समोच्च रेषांचा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, पाठ आहे आणि तो फळ्यावर शिकवताना माझी दरवर्षी दमछाक होत असे; म्हणून मी डोंगर फिरत फिरत वरून सपाट नकाशा होत जाणारी एक चित्रफीत दाखवली. मुले रंगून गेली आणि "समजले का?" या प्रश्नाला सगळे हात वर झाले. पुढच्या आठवड्यात फळ्यावर वर्धनगडाचा ढोबळ समोच्च नकाशा काढून मी विचारले, की गड चढायला सोपी बाजू कोणती. निम्मा वर्ग त्या गडावर जाऊन आलेला, त्यामुळे दोघांनी पायवाट आठवून उत्तर दिले. रेषा कुठे दाटल्या आहेत (म्हणजे चढ तीव्र) आणि कुठे विरळ आहेत (म्हणजे चढ सौम्य), हे पाहून मात्र एकानेही सांगितले नाही. दोष चित्रफितीचा, असे मी तेव्हा ठरवून टाकले.

त्याच सुमारास वर्गातील एक मुलगा मेंढरांच्या वाड्याबरोबर काही महिने बाहेर जाणार होता. त्याचा अभ्यास बुडू नये म्हणून मी मोबाईल टेबलावर ठेवून तास रेकॉर्ड करू लागलो आणि त्याच्या वडिलांच्या फोनवर पाठवू लागलो. परत आल्यावर त्याने भोळेपणाने सांगितले, "सर, यात पोरं बोलतच न्हाईत की. तुमीच इचारताय आन् तुमीच सांगताय." त्या रात्री मी स्वतःचा तास पहिल्यांदा ऐकला. आपला आवाज परका वाटतो, तो धक्का वेगळाच. पण मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. प्रश्न संपतो न संपतो तोच मी उत्तराचा अर्धा भाग देऊन टाकत होतो आणि उरलेला अर्धा वर्ग एका सुरात पूर्ण करत होता. यालाच मी इतकी वर्षे "वर्ग छान प्रतिसाद देतो" असे म्हणत आलो होतो.

पुढे वाचनात आले, की अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात नेमके हेच वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून मांडले होते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तेच थांबणे ३ सेकंद किंवा अधिक झाले, तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. त्यांनी आणखी एका थांब्याकडे लक्ष वेधले आहे आणि मला तोच अधिक अवघड गेला: मुलाचे उत्तर संपल्यानंतरचा थांबा. कारण आपण लगेच "शाब्बास, बरोबर" म्हणतो आणि त्या शब्दासरशी बाकीच्या वर्गाचा विचार तिथेच थांबतो. ३ सेकंद ऐकायला किती थोडे वाटतात! पस्तीस मुलांसमोर गप्प उभे राहून पाहा.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. अपेक्षा योग्यच आहे; परंतु ऑनलाइन प्रशिक्षणाची चित्रफीत एका बाजूला लावून दुसरीकडे मी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत आणि प्रमाणपत्रही मिळवले आहे, हे कबूल केले पाहिजे. स्वतःच्या तासाची १० मिनिटे ऐकताना तशी पळवाट सापडत नाही.

प्रोजेक्टर अजून आहे, मात्र त्यावर दिसणारी सामग्री बदलली. समोच्च रेषांसाठी आता प्रत्येक गट अर्धा बटाटा पालथा ठेवून त्याचे आडवे काप करतो आणि मोठ्या कापापासून लहानापर्यंत एकात एक कडा वहीवर गिरवतो. त्या वह्यांचे फोटो काढून मी भिंतीवर दाखवतो, त्यांतही दोन रेषा एकमेकींना छेदून गेलेली वही मुद्दाम आधी. "इथे काय झाले आहे?" एवढे विचारून मनात आकडे मोजतो. मागच्या वर्षी मी चारपर्यंत पोहोचलो तेव्हा शेवटच्या रांगेतून आवाज आला, "सर, एकाच जागेची उंची दोन कशी असंल?"

तुम्हीही तास रेकॉर्ड करून पाहणार असाल, तर मुख्याध्यापकांना आणि पालकांना आधी कल्पना द्या, कारण त्यात मुलांचेही आवाज असतात. मी ऐकून झाले की रेकॉर्डिंग पुसून टाकतो. आणि बटाटे एका बाजूने चपटे पाहून घ्या, म्हणजे मुलांना एका कुशीला दाट आणि दुसऱ्या कुशीला विरळ रेषा मिळतात.